आतून घुसायचं की कडेने? डिफेन्सिव्ह लाइनवाल्यांसाठी धागा

डोंबिवली_ते_डॅलस
नमस्कार मंडळी. इथे फुटबॉल म्हटलं की निम्मे लोक मेस्सीचं नाव घेऊन येतात, तर आधीच सांगतो की हा हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलचा धागा आहे, आणि त्यातही फक्त डिफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर (बॉल फेकणारा मुख्य गडी) धावून जाणाऱ्या पहिल्या फळीचा. त्यांना अडवायला समोर लाइन असते, मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल.

पोरगा अकरावीत आहे. सहा फूट एक इंच, २४५ पौंड. (कुणावर गेलाय विचारू नका, सासऱ्यांचा फोटो टाकला की सगळ्यांना कळेल.) दोन वर्षं डिफेन्सिव्ह टॅकल खेळला, गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभं राहायचं, थ्री टेक्निक म्हणतात ते. बरा खेळायचा. आता सीनियर पोरं पास आऊट झाली म्हणून कोचने त्याला एजला टाकलंय, म्हणजे पार कडेला, टॅकलच्या बाहेर. पोरगं हरखलं, कारण सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधी पाडणं) तिकडे मिळतात आणि फोटोही तिकडच्यांचेच येतात. पण पहिल्या चार प्रॅक्टिस झाल्या आणि चेहरा पडलाय. मी कुंपणाजवळ उभा राहून बघत होतो, दर वेळी तेच, हा जीव तोडून धावतो, समोरचा टॅकल दोन पावलं मागे सरकतो, याच्या कमरेला हात लावून नुसतं वाट दाखवल्यासारखं ढकलतो आणि हा क्वार्टरबॅकच्या मागून गोल फिरून पलीकडे. घरी येताना गाडीत म्हणाला, बाबा मी तेवढाच फास्ट पळतोय, पण पोचतच नाहीये.

माझा प्रश्न असा की आतला माणूस बाहेर आणि बाहेरचा आत, हे खरंच जमतं का? का दोन वेगळे धंदे आहेत? मला स्वतःला आठ वर्षं टीव्हीवर बघून जेवढं कळतं तेवढंच कळतं.

गप्पिष्ट
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी वाचेन.

तांबडापांढरा
दादा, दोन वेगळे धंदे आहेत, पण दुकान शेजारीशेजारी आहे. मी कॅन्सस सिटीजवळ राहतो, इथल्या चीफ्स टीमचा माणूस, तर तुमच्या पोराची ही गोष्ट आम्ही २०२१ मध्ये पूर्ण सीझनभर बघितलीय, ख्रिस जोन्सच्या बाबतीत.

जोन्स म्हणजे सहा फूट सहा इंच, ३१० पौंड, आणि आतून खेळून २०१८ मध्ये १५.५ सॅक काढलेला माणूस. २०२१ ला आमच्याकडे आत खेळायला जॅरन रीड आला, एजला माणसं कमी होती, मग डिफेन्सचे कोच स्टीव्ह स्पॅग्नोलोंनी जोन्सला एंडला, म्हणजे एजलाच, सरकवलं. पहिल्याच मॅचला ब्राऊन्सविरुद्ध दोन सॅक, आम्ही सगळे म्हटलं आता काय बघायलाच नको. आणि मग सगळं थंड. दुसऱ्या मॅचला लमार जॅक्सनने १०७ यार्ड पळून दोन टचडाऊन केले, ३६-३५ ने हरलो, आणि ते बघताना कळत होतं की कडेला उभ्या माणसाचं पहिलं काम सॅक काढणं नाहीच, कड सांभाळणं आहे. क्वार्टरबॅक किंवा रनिंग बॅक बाहेरून निसटला की सगळं संपलं. आत खेळताना जोन्स डोळे मिटून एका गॅपमध्ये मुसंडी मारू शकायचा कारण चुकला तरी दोन्ही बाजूला आपलाच माणूस असतो. कडेला चुकला की मागे थेट मोकळं रान.

नोव्हेंबरच्या सुरवातीला स्टीलर्सकडून मेल्विन इन्ग्रम आणला, तो अस्सल एजवाला, जोन्स परत आत गेला, आणि ४-४ वर असलेली टीम पुढच्या सलग सात मॅच जिंकली. सगळं श्रेय याच एका बदलाचं असं मी म्हणत नाही, पण फरक सोफ्यावर बसून दिसत होता.

तुमच्या पोराचं गणित साधं आहे. आतून क्वार्टरबॅक म्हणजे नाकासमोर सरळ रेष. कडेवरून तोच क्वार्टरबॅक कमानीच्या दुसऱ्या टोकाला. बॉल अडीच-पावणेतीन सेकंदात हातातून सुटतो. तेवढ्याच वेगाने पळून जास्त अंतर कापायचं आणि वर मध्येच वळायचं, मग पोचणार कसा?

मिशीवाला
तांबडासाहेब एक गोष्ट सोयीस्कर विसरले. जोन्सचं २०२१ मध्ये मनगट दुखावलं होतं, दोन मॅच बाहेर होता. अर्ध्या हाताने खेळणाऱ्यावरून पोझिशनचा निकाल लावू नका.

आणि जानेवारी २०२३, बेंगल्सविरुद्धची एएफसी चॅम्पियनशिप, सुपर बोल फायनलच्या आधीची मॅच. तोवर जोन्सच्या नावावर प्लेऑफमध्ये एकही सॅक नव्हता, लोक टोमणे मारायचे. शेवटच्या मिनिटात थर्ड डाऊन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), जोन्स कुठे उभा? बाहेर, राइट टॅकलसमोर! त्यांच्या क्वार्टरबॅक बर्रोला खाली पाडलं, पंट झाला (बॉल लाथेने लांब मारून सोडून द्यावा लागला), आणि पुढे फील्ड गोलवर मॅच तुम्हीच जिंकलात. तेव्हा आतलाच माणूस बाहेर चालला की.

तांबडापांढरा
@मिशीवाला मनगटाचं मान्य, लिहायला हवं होतं.

पण त्या सॅकचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. बेंगल्सच्या लाइनमधले तीन नेहमीचे खेळाडू त्या दिवशी नव्हते, दोन्ही टॅकल बदली. जोन्स तिथे मुद्दाम नेला कारण आत उभा राहिला की गार्ड आणि सेंटर दोघं मिळून अंगावर येतात, बाहेर एकटा मिळाला. आणि त्याने कमानीवरून पळापळ केलीच नाही, टॅकलला अंगाने आणि हाताने उडवला आणि आत शिरला. म्हणजे आतलीच कुस्ती बाहेरच्या आखाड्यात. एका डाऊनला चालतं ते. साठ स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारे डाव) रोज तेच करा म्हटलं तर टॅकल तिसऱ्या स्नॅपला ओळखतो.

चिऊताई
न्यू जर्सीवरून जायंट्स टीमची म्हातारी फॅन हजर. स्पॅग्नोलोंचं नाव निघालं आणि मला राहवेना, कारण ज्या माणसाने २०२१ मध्ये आतल्याला बाहेर काढून पस्तावा केला त्याच माणसाने २००७ च्या सीझनला बाहेरच्याला आत नेऊन आम्हाला सुपर बोल जिंकून दिला!

आमच्याकडे तेव्हा मायकल स्ट्रेहन, ओसी युमेन्योरा आणि जस्टिन टक, तिघंही एंड, जागा दोन. पासिंग डाऊन (समोरचे बॉल फेकणारच असा प्रयत्न) आला की टकला आत गार्डसमोर उभा करायचे. समोर १८-० पेट्रियट्स, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. आता ब्रेडीला कडेवरून कितीही पळत या, त्याला फरक पडत नाही, तो शांतपणे दोन पावलं पुढे सरकतो आणि दोन्ही एंड त्याच्या मागून निघून जातात, डोंबिवलीकरांचा मुलगा जातोय तसेच. पण पुढे सरकायची ती जागाच टकने बंद केली. पाच वेळा पाडला ब्रेडीला, त्यातले दोन सॅक टकचे, एक फंबलही काढला, म्हणजे हातातला बॉल पाडला. १७-१४.

आणि तांबडाभाऊ, तुमच्यासाठी खास. त्या पेट्रियट्सचा राइट गार्ड होता स्टीफन नील, कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, पहिलवान होता, १९९९ च्या कॉलेज फायनलमध्ये ब्रॉक लेस्नरला हरवलेला. तो पहिल्या हाफमध्येच गुडघा दुखावून बाहेर गेला. टकच्या नशिबाचाही त्यात थोडा वाटा, प्रामाणिकपणे सांगते.

म्हणून माझं म्हणणं, बाहेरून आत जाणं सोपं, आतून बाहेर येणं अवघड. गार्ड हे साधारण बुटके, रुंद, जड. त्यांना रोज त्यांच्यासारखेच जड गडी समोर लागतात. तिथे अचानक २७० पौंडांचा चपळ एंड आला की त्यांचे पाय कमी पडतात.

तांबडापांढरा
ताई, नीलचं माहीतच नव्हतं. लेस्नरला पाडलेला गडी गार्ड म्हणून खेळत होता, कमाल आहे.

मिशीवाला
सोपं वगैरे काही नाही हो चिऊताई. तो २७० पौंडवाला आत उभा आहे आणि समोरच्यांनी पास न करता रन केला, बॉल घेऊन पळाले, तर? गार्ड आणि टॅकल दोघं मिळून ६३० पौंड घेऊन त्याला पाच यार्ड मागे नेऊन ठेवतात. म्हणून तर फक्त थर्ड डाऊनला नेतात. मायकल बेनेट सीहॉक्सकडे हेच करायचा, आधी एंड, पास नक्की वाटला की आत.

आणि खरं कारण कुणी बोलतच नाहीये. हाताची लांबी! टॅकल लोकांचे हात ३४-३५ इंच. तुमचा हात आखूड असेल तर तो आधी तुमच्या छातीला पोचणार, विषय संपला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (टीमनी नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) ट्रॅव्हन वॉकर पहिला पिक का गेला? जॉर्जियाला बराचसा आत खेळायचा, सॅकही फार नव्हते, पण २७२ पौंड, ४.५१ सेकंदात चाळीस यार्ड आणि साडेपस्तीस इंची हात. जॅग्वार्सनी हात बघितले आणि एज म्हणून उचलला.

बेंचवरचा
सगळ्यांना नमस्कार, माझं मराठी टायपिंग स्लो आहे, चुका झाल्या तर सॉरी. मी ह्यूस्टनला वाढलो, हायस्कूलला तीन वर्षं डी-लाइन खेळलो आणि नंतर छोट्या कॉलेजमध्ये दोन वर्षं, जास्त करून बेंचवर म्हणून हे नाव. दोन्ही पोझिशन खेळलोय म्हणून लिहितोय.

मिशीवाला काका, त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा पिक एडन हचिन्सन होता आणि त्याचे हात वॉकरपेक्षा तीन इंच तरी छोटे आहेत. तो एजवर काय करतो ते लायन्सवाल्यांना विचारा. हात लांब असले तर मदत होते, पण लांब हात म्हणजेच एज असं नाही.

आत काय वाटतं ते सांगतो. बॉल हलला की अर्ध्या सेकंदात कुणीतरी तुमच्या अंगावर असतं, कधी समोरून, कधी बाजूने सेंटर, तो तर दिसतही नाही, डायरेक्ट बरगडीत लागतो. प्लॅन करायला टाइमच नाही. फर्स्ट स्टेप आणि हात, बस. गार्डचे हात माझ्या छातीवर बसायच्या आधी मी त्याचं मनगट किंवा कोपर मारलं तर मी जिंकलो, नाही तर त्याने जर्सी आतून धरली की तिकडेच राहायचं. आमचे कोच म्हणायचे क्वार्टरबॅकचा आवाज ऐकू नका, बॉल बघा, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पहिली पंधरा मिनिटं रोज फक्त त्याचीच प्रॅक्टिस.

बाहेर एकदम उलट. पहिले दोन-तीन स्टेप कुणी हातच लावत नाही. एवढा मोकळा टाइम मिळाला की आतल्या माणसाला काय करावं कळत नाही, मी पण वेड्यासारखा पळायचो फक्त. एजवाला त्या तीन स्टेपमध्ये टॅकलला काहीतरी खोटं सांगत असतो. दोन वेळा बाहेरून जोरात पळायचं, तिसऱ्यांदा तो घाबरून जास्त मागे सरकला की त्याच्या छातीत बुल रश, म्हणजे सरळ अंगाने धडक, किंवा आतून कट. फर्स्ट क्वार्टरमध्ये पेरलेलं फोर्थमध्ये मिळतं. आत असं सेटअप करता येतं पण फार कमी.

तांबडापांढरा
बेंचवरचा, चुका कसल्या, सगळ्यात कामाचं तूच लिहिलंस. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर बाहेर खडाखडी आहे, आत खडाखडी नाहीच, हात मिळवला की भिडलेच.

चिऊताई
अगदी! आणि पळून वळायचं जे आहे ना, ते मला कुणीच नीट समजावून सांगितलं नव्हतं, इंग्लिश कॉमेंटेटर नुसते बेंड बेंड करत बसतात. एक दिवस सुपर बोल ५० चा रीप्ले बघत होते, व्हॉन मिलर, अडीच सॅक आणि दोन फंबल काढून एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) झाला तो, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. हा तर खो-खोचा खांब!

मी शाळेत सांगलीला खो-खो खेळलेय. पाठलाग करताना खांबाशी पोचलं की सरळ उभं राहून वळायला गेलीस तर चार पावलं बाहेर फेकली जातेस, तेवढ्यात पळणारी निसटते. मग बाई शिकवायच्या, खांबाच्या दोन पावलं आधीच खाली बस, आतला खांदा टाक, अंग खांबाकडे झोकून दे, आणि पायाचा अंगठा जिकडे जायचंय तिकडे. वेग कमी करायचा नाही, उंची कमी करायची. मिलर हुबेहूब तेच करतो. टॅकल म्हणजे खांब. आतला खांदा त्याच्या काखेखालून, गुडघा जवळजवळ गवताला, आणि पाऊल क्वार्टरबॅककडे वळलेलं. फरक एवढाच की आपण खांबाला धरायचो, इथे खांबच ढकलतो.

डोंबिवलीकर, तुमच्या मुलाचा व्हिडिओ असेल तर टॅकलपाशी त्याची पावलं कुठे रोखलेली असतात तेवढंच बघा.

डोंबिवली_ते_डॅलस
ताई, बघितलं. सात क्लिप आहेत माझ्या फोनमध्ये. सातही वेळा पावलं सरळ, मागच्या कुंपणाकडे. आणि छाती ताठ, परेडला निघाल्यासारखी.

गप्पिष्ट
परेड वाचून ऑफिसात फुटलो.

मिशीवाला
खो-खोचं पटलं, एक गुण चिऊताईंना. पण मग ॲरन डोनाल्डचं काय करायचं? सहा फूट एक इंच, २८० पौंड, हात ३३ इंचसुद्धा नाहीत, २०१४ ला तेराव्या नंबरवर गेला कारण बारा टीमना वाटलं आतल्यासाठी लहान आहे. त्याने २०१८ ला आतून २०.५ सॅक काढले! त्याआधी १९८९ पासून कीथ मिलर्डचे १८ हा डिफेन्सिव्ह टॅकलचा रेकॉर्ड होता. तीन वेळा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. हा माणूस बाहेर उभा केला असता तर अजून किती काढले असते?

बेंचवरचा
काका मला वाटतं कमी काढले असते. डोनाल्ड छोटा आहे ते आतमध्ये ॲडव्हान्टेज आहे, गार्डला त्याच्या खाली जाताच येत नाही. पाहिजे ती गोष्ट त्याच्याकडे होती, फर्स्ट स्टेप एजवाल्याचा आणि ताकद नोज टॅकलची, म्हणजे अगदी मधल्या जड माणसाची. सुपर बोलच्या शेवटी बर्रोला फोर्थ अँड वनला (शेवटचा प्रयत्न, एक यार्ड बाकी) गरगर फिरवलं तो प्ले परत बघा, स्नॅपपासून तो बर्रोच्या अंगावर किती लवकर आहे. त्याला कमानच घ्यायची नाहीये. त्याचे ते खोट्या चाकूंनी प्रॅक्टिस करायचे व्हिडिओ पण सगळे हाताचेच होते, समोरच्याचा हात यायच्या आधी बाजूला करणं.

डोनाल्ड बघून पोरांना आत खेळायला शिकवू नका पण. डोनाल्ड एकच होता.

तांबडापांढरा
अजून एक गोष्ट, सॅकच्या आकड्यांवर जाऊ नका. ४९र्सचा ऑल्डन स्मिथ, २०१२ ला १९.५ सॅक, कडेवरून. त्याच्या शेजारी आत जस्टिन स्मिथ, नावाला सॅक तीन-चार. पण जस्टिन काय करायचा, गार्डला अंगावर घेत घेत सरळ टॅकलवर जाऊन आदळायचा, जवळजवळ मिठीच मारायचा, आणि ऑल्डन त्याच्या मागून वळून आतल्या मोकळ्या जागेतून आत. डिसेंबरमध्ये जस्टिनचा दंडाचा स्नायू फाटला. ऑल्डनला त्यानंतर त्या सीझनला एकही सॅक नाही, प्लेऑफ धरून. जस्टिन परत आला होता पण एका हातावर.

फोटो ऑल्डनचे. तुमच्या पोराला हे जरूर सांगा.

चिऊताई
आमच्याकडे स्वयंपाक एकीचा आणि वाढणारीचं कौतुक, तसंच.

मिशीवाला
बरं मग पोराचं काय ठरवायचं? सगळे एनएफएलमध्ये, प्रो लीगमध्ये, रमलेत. २४५ पौंड आणि सहा-एक, हायस्कूलला आत चालतो, कॉलेजला मोठ्या टीममध्ये आत गेला तर भरडला जाईल. कोच चुकीचं करत नाहीये, पुढचा विचार करतोय.

बेंचवरचा
यावर काका बरोबर आहेत. कॉलेजवाले उंची, हात आणि वजन लिहून घेतात आणि मगच टेप बघतात. माझं पण असंच झालं, आत छोटा पडलो, बाहेर स्लो पडलो, मधल्या मध्ये लटकलो. माझे दोन्ही वर्षांचे स्नॅप सगळे थर्ड डाऊनला आत गार्डसमोर होते, आणि खरं सांगू, तेच सगळ्यात मजेचे होते. एजवर जे थोडंफार शिकलो ते गार्डविरुद्ध कामाला आलं. त्याला सध्या एज शिकू द्या पण कोचला विचारा की थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न आणि अंतर जास्त बाकी) आत टाकाल का. बहुतेक कोच हो म्हणतात, त्यांना पण सॅक पाहिजेच असतात.

एक प्रॅक्टिकल टिप. जमिनीवर मोठी रिंग ठेवायची आणि तिच्याभोवती पळायचं, आतला हात गवताला लागेल एवढं खाली. दोन्ही साइडने. रोज दहा वेळा. पहिल्या आठवड्यात घोटा दुखतो, ते नॉर्मल आहे. गुडघा दुखला तर थांबवा.

डोंबिवली_ते_डॅलस
तीन आठवड्यांनी परत येतोय, मधे कामात अडकलो होतो.

कोचशी बोलायला मी गेलो नाही, पोरालाच पाठवला, कारण इथे बाप गेला की कोच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कोच म्हणाला पहिल्या दोन डाऊनला एंडच राहायचं, कड सांभाळायला शीक, थर्ड अँड लाँगला आत टाकीन. गेल्या शुक्रवारी आपसातली मॅच होती. कडेवरून अजूनही काही नाही, एकदा टॅकलने पार लोळवला, एकदा कड सोडून आत घुसला आणि रनिंग बॅक त्याच्याच जागेतून वीस यार्ड पळाला, त्यावर पूर्ण मैदानाला ऐकू जाईल एवढ्या शिव्या खाल्ल्या. पण आत टाकल्यावर एकदा, फक्त एकदा, गार्डचा हात यायच्या आधी त्याने तो खाली मारला आणि खांदा टाकून बाजूने गेला. क्वार्टरबॅकला हात लावायची परवानगी नव्हती म्हणून समोर जाऊन नुसता उभा राहिला. गाडीत बसल्यावर विचारलं कसं झालं, तर म्हणाला, त्याचा हात मला येताना दिसला बाबा.

रिंग मागवली होती ती आलीच नाही. तोपर्यंत मागच्या अंगणात तुळशीची मोठी कुंडी आहे तिच्याभोवती पळतोय, दहा डावीकडून, दहा उजवीकडून, हात जमिनीला लावत. काल आईचा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल चालू होता, तिला खिडकीतून दिसलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, अमेरिकेत राहून नातू रोज तुळशीला प्रदक्षिणा घालतो, आणि त्याही वाकून नमस्कार करत.

मी काही बोललो नाही. उलट्या बाजूने का घालतो तेवढं मात्र तिने विचारलंय.